जगात जर्मनी, भारतात परभणी आणि रुळावरची करवत

परभणीचा माणूस बाहेरगावी गेला आणि कुणी त्याला ‘कुठले तुम्ही?’ विचारलं, की तो नुसतं ‘परभणी’ म्हणून थांबत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आख्खं ऐकवतो. ही म्हण आली कुठून याच्या कथा जितकी तोंडं तितक्या. सुतारकामातल्या एका अवजाराने मात्र या दोन नावांची गाठ खरोखरच घातली आहे. ते अवजार म्हणजे ट्रॅक सॉ, म्हणजे अॅल्युमिनियमच्या रुळावरून धावणारी गोल करवत. जन्म जर्मनीतला, आणि तिची नड भासते ती परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्यासारख्या गावात, नव्या घराच्या दारापाशी.

चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं स्टेशन. इथे रूळ म्हणजे काय हे पोरासोरांनाही समजावावं लागत नाही. रेल्वेच्या इंजिनात चालकापुढे सुकाणूचं चाक नसतं; गाडी कुठे जाणार हे रुळाने आधीच ठरवलेलं असतं. चालकाच्या हाती वेग असतो आणि ब्रेक असतो. ट्रॅक सॉची सगळी कल्पना एवढीच आहे. सरळ जाण्याची जबाबदारी सुताराच्या मनगटावरून काढून पट्टीवर टाकायची. सुताराने फक्त ढकलायचं.

घर बांधणाऱ्याला करवतीची नड कपाटं-ट्रॉल्या करतानाच पडते असं नाही. कित्येकदा ती फरशी बसल्यावर पडते. जुन्या शहाबादीवर किंवा कोब्यावर नव्या टाइल्स बसवल्या की जमीन इंच-दीड इंच वर येते आणि घरातलं एकही दार उघडेनासं होतं. मग सुताराला निरोप जातो. दार बिजागऱ्यांतून सोडवून दोन स्टुलांवर आडवं टाकतात, खालून इंचभर मोजून पेन्सिलीची रेघ ओढतात आणि ‘कटर’ सुरू होतो.

हा कटर मुळात संगमरवर आणि फरशी कापायचं मशीन. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरची चकती आणि मिनिटाला सुमारे १२,००० फेरे. दगडाची चकती काढून टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या दातांचं, पातं चढवलं की तो लाकडाचा झाला, असं मानायची आपल्याकडे पद्धत आहे. गावोगावच्या सुताराच्या पिशवीत तो असतोच, कारण स्वस्त आहे, हलका आहे आणि एकाच मशिनवर फरशीही भागते. पण त्याची कापायची खोली ३० ते ३४ मिलिमीटर, आणि बाजारातलं फ्लश डोअर ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचं. पातं कधी जेमतेम पोचतं, कधी पोचतच नाही. मग एका बाजूने अर्धं कापायचं, दार उलटायचं आणि दुसऱ्या बाजूने उरलेलं कापायचं. दोन्हीकडच्या रेघा एकावर एक बसत नाहीत. कडेच्या मधोमध एक बारीकशी पायरी उरते, ती रंध्याने नाहीतर पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं. वरच्या सनमायक्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी झालेली असते, ते वेगळंच. ‘खालच्या बाजूला आहे, कोण बघतंय’ असं म्हणून घरमालक आणि सुतार दोघंही विषय मिटवतात.

कड अशी का फुटते? हातातल्या गोल करवतीचे दात लाकडात खालून शिरतात आणि वरच्या अंगाने बाहेर पडतात. बाहेर पडताना ते वरचा थर उचलतात, आणि त्या थराला वरून दाबणारं काही नसलं की तो तुटून उडतो. म्हणून जाणता सुतार साधी करवत चालवताना चांगली बाजू खाली ठेवतो. ट्रॅक सॉमध्ये हे उलटं होतं. चांगली बाजू वर ठेवून कापता येतं. त्याचं गुपित पट्टीच्या कडेला चिकटवलेल्या एका रबरी किंवा प्लॅस्टिकच्या काठात आहे.

हा काठ कारखान्यातून मुद्दाम थोडा जास्त रुंद येतो. नवी पट्टी आणली की पहिल्याच फेरीत करवत तो जादा भाग स्वतःच कापून टाकते. त्या क्षणापासून काठाची कड आणि पात्याची वाट एकच होते. त्यानंतर मापं घ्यायला डोकं लागत नाही. पेन्सिलीच्या दोन खुणा करायच्या, काठ त्या खुणांना भिडवायचा, पातं तिथेच उतरतं. शिवाय तोच काठ लाकडाचे तंतू वरून दाबून धरतो, म्हणून सनमायका फुटत नाही. पट्टीच्या खाली पकड घेणाऱ्या मऊ पट्ट्या असतात, त्यामुळे साध्या प्लायवर ती बहुधा क्लॅम्पशिवायही हलत नाही. सनमायका गुळगुळीत असला किंवा भुसा पडलेला असला तर मात्र दोन क्लॅम्प लावलेले बरे. वरच्या बाजूला उभा कणा असतो. करवतीच्या तळातली खाच त्या कण्यावर बसते, आणि खाच ढिली वाटली तर छोट्या स्क्रूंनी घट्ट करता येते.

करवतीचीही तऱ्हा वेगळी. सुरुवातीला पातं पूर्ण झाकणाच्या आत असतं. बटण दाबून मूठ खाली ढकलली की ते लाकडात उतरतं, सोडली की स्प्रिंगने परत आत जातं. त्यामुळे फळीच्या मध्यातून काप सुरू करता येतो. सिंकसाठी ओट्याखालच्या प्लायला चौकोन पाडायचा असेल तर त्याचा उपयोग कळतो. पातं १६० ते १६५ मिलिमीटरचं, खोली ५५ मिलिमीटरच्या आसपास, मोटर १,३०० ते १,४०० वॅटची. वेग साधारण २,००० ते ५,२०० फेऱ्यांच्या दरम्यान लागेल तसा ठेवता येतो. इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार इंची कटरच्या पात्याचा दात १२,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ६९ मीटर धावतो. ट्रॅक सॉचं पातं मोठं असूनही तिचा दात ५,२०० फेऱ्यांना सुमारे ४५ मीटर. कटरला वेग भरपूर, पण हिऱ्याच्या चकतीसाठी बनवलेलं त्याचं झाकण अर्धवट, आणि पातं अडकलं तर मशीन उलटं अंगावर येतं. म्हणून कटरला लाकडाचं पातं लावण्याआधी त्यावर छापलेला कमाल वेग वाचावा. मशिनच्या वेगापेक्षा तो कमी असेल तर ते पातं त्या मशिनचं नव्हे.

सरळ रेघेचा हा खटाटोप नवा नाही. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. घर किती मोठं हे चौरस फुटांत नाही, खणांत सांगत: पाच खणांचं, सात खणांचं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर दांडे आणि फळ्या, वर मातीचा जाड थर. किनवटच्या बाजूला सागाचं जंगल. लाकडाला तोटा नव्हता, तोटा होता तो सरळ कापायच्या साधनांचा. ओंडक्यावर गेरूत भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की लाल रेघ उमटायची. मग एक जण वर, एक जण खाली असे दोघे मोठी करवत ओढत. दोरीने रेघ सरळ मिळे, पण करवत त्या रेघेवर राहील याची हमी दोरी देत नसे. ती हातांनीच द्यावी लागे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली, आणि मराठवाड्याचा माळवदावरचा भरवसा उडाला. स्लॅब आला. लाकूड छतातून उतरून दारं, कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि देवघर एवढ्यावर आलं, आणि तेही ओंडक्याचं न राहता आठ बाय चारच्या प्लायचं झालं.

हातात धरायची विजेची गोल करवत अमेरिकेत आली ती १९२० च्या दशकात. तिची कथा ऊसतोडीच्या मुलखातल्या वाचकाला आवडावी. एडमंड मिशेल नावाच्या माणसाने लुइझियानात मजुरांना कोयत्याने ऊस तोडताना पाहिलं, कोयत्याला मोटर लावता येईल का याचा विचार करता करता लाकडाची करवत बनवली, असं सांगतात. १९२४ साली निघालेली त्याची कंपनी पुढे ‘स्किल’ या नावाने ओळखली गेली. रूळ मात्र जर्मनीने दिला. १९२५ मध्ये फेझर आणि श्टोल या दोघांनी काढलेल्या कारखान्याने, म्हणजे आजच्या फेस्टूलने, १९६० च्या दशकात करवतीखाली पट्टी घातली. पुढे माफेल, माकिता, बॉश, डिवॉल्ट असे सगळेच त्या वाटेने गेले.

आता विकत घेण्याची गोष्ट. दुकानात गेलं की सगळं लक्ष करवतीवर जातं: किती वॅट, कोणता रंग, पेटी मिळते का. खरी पारख पट्टीची करायची असते. प्लायची शीट २,४४० मिलिमीटर लांब आणि १,२२० रुंद. पट्टी कापापेक्षा लांब लागते, कारण करवतीचा तळ आधीच पट्टीवर बसलेला असावा लागतो आणि काप संपल्यावरही तिला टेकायला जागा हवी. आडव्या कापाला १,४०० मिलिमीटरची पट्टी पुरते. उभ्या कापाला २,७०० ते ३,००० हवी. तीन मीटरची अखंड पट्टी सगळ्यात उत्तम, यात वाद नाही. पण ती नांदेडहून चुडाव्याला मोटारसायकलवर आणून दाखवावी! म्हणून गावातल्या सुताराने १,४०० च्या दोन पट्ट्या आणि त्या जोडायच्या दांड्या घ्याव्यात. जोडताना दोन्ही पट्ट्यांच्या कडेला एक लांब सरळ पाइप किंवा अॅल्युमिनियमचं सेक्शन लावून मगच स्क्रू आवळायचे. नुसत्या दांड्यांच्या भरवशावर आवळलं तर सांध्याशी बारीक कोन राहतो आणि आठ फुटांच्या कापात तो उघडा पडतो.

पट्टी सरळ आहे का, हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. प्लायवर ती ठेवून कडेने अणकुचीदार पेन्सिलीने रेघ मारायची. मग पट्टीची टोकं फिरवून, म्हणजे डावं उजवीकडे करून, तीच कड त्याच रेघेच्या दोन्ही टोकांना भिडवायची आणि दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर पट्टीचा खरा बाक त्या फटीच्या निम्मा. दुकानदाराला हे आवडत नाही, पण दहा वर्षं वापरायची वस्तू त्याच्या आवडीवर घेऊ नये.

आणखी एक मेख सांगायला हवी. सगळ्या कंपन्यांचे रूळ एकमेकांना चालत नाहीत. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर घालावा तसं ते होतं. फेस्टूल आणि माकिताचे बहुतांशी एकमेकांत बसतात. बॉशच्या व्यावसायिक मालिकेची पट्टी माफेलशी जुळते, फेस्टूल-माकिताशी नाही. डिवॉल्टची तऱ्हा तिसरीच. आधी रूळ ठरवायचा आणि मग त्यावर चालणारं इंजिन बघायचं, हा क्रम बरा.

पैशाचं काय? साधा कटर काही हजारांत येतो. ट्रॅक सॉ पट्टीसकट पाच आकड्यांत जाते. ज्याला आयुष्यात एकदाच घरकुल बांधायचं आहे आणि दोनच दारं बसवायची आहेत, त्या माणसाने ती घेऊ नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. ती सुताराने घ्यायची वस्तू आहे, तीही महिन्याला दोन-चार कपाटं किंवा एखादं स्वयंपाकघर हातावेगळं करणाऱ्या सुताराने. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख असं कर्ज तीत मिळतं. व्हाउचरमध्ये चांगली पात्यं, क्लॅम्प अशी अवजारं येतात. करवतीसाठी कर्जाकडेच बघावं लागेल. नफ्याचा हिशेब वेळेपेक्षा वाया गेलेल्या प्लायवर मांडावा. चौरस फुटाला १०० रुपयांचा प्लाय धरला तर ३२ फुटांची एक शीट ३,२०० रुपयांची. एक शीट वाकडी कापली गेली की कटरची किंमतच गेल्यासारखी.

ज्याला थांबायचं आहे त्याच्यासाठी एक देशी तोड आहे, आणि ती तोड म्हणून हिणवण्यासारखी नाही. सहा मिलिमीटरच्या प्लायची साधारण फूटभर रुंद आणि शीटइतकी लांब पट्टी घ्यायची. तिच्यावर बारा मिलिमीटर प्लायची तीन इंची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवायची, कारखान्यात कापली गेलेली सरळ कड आतल्या बाजूला ठेवून. मग सात इंची साध्या गोल करवतीचा तळ त्या कडेला चिकटवून एकदा शेवटपर्यंत चालवायचा. खालच्या प्लायचा जादा भाग कापला जातो आणि उरलेली कड हीच पात्याची वाट ठरते. जर्मन रबराचा काठ हेच काम करतो. फरक इतकाच की ही पट्टी क्लॅम्पने आवळावी लागते, एकाच मशीनला आणि एकाच जाडीच्या पात्याला चालते, आणि पावसाळ्यात भिंतीला ओलीत उभी केली की वाकते. कटरसाठीही अशी पट्टी बनवता येते, पण त्याची तुटपुंजी खोली आणखी सहा मिलिमीटरने घटते. अठराचा प्लाय कापेल, दार नाही.

वापरताना शीट कशावर ठेवली आहे, ते पाहावं. दोन स्टुलांवर टाकलेली शीट मधोमध कापली की शेवटी दोन्ही तुकडे आत झुकतात, काप मिटतो, पात्याला चिमटा बसतो आणि करवत मागे उसळते. कापाच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. थर्माकोलच्या जाड शीटवर प्लाय आडवा टाकून कापणं सगळ्यात सोपं. पातं थर्माकोलमध्ये चार-पाच मिलिमीटर शिरतं, नुकसान काही नाही, आणि एकट्या माणसाला आठ फुटी शीट सांभाळता येते. खोलीही तेवढीच ठेवायची: प्लायची जाडी, अधिक पट्टीची जाडी, अधिक पाच मिलिमीटर. पूर्ण खोलीवर ठेवून अठराचा प्लाय कापणारे भेटतात. ते मोटरवर ओझं घालतात आणि बोटांवर संकट.

मापाची एक चूक जुन्याजाणत्यांकडूनही होते. सुताराचा हिशेब सुतात चालतो, आठ सुतांचा एक इंच. पातं स्वतः पाऊण सूत, म्हणजे दोन-सव्वादोन मिलिमीटर लाकूड खातं. चार फुटी शीटचे ‘दोन-दोन फुटांचे’ दोन तुकडे होत नाहीत. होतात ते ६०९ मिलिमीटरच्या आतबाहेरचे. कपाटाची बाजू ६१० ची काढून ठेवली आणि कप्पे या तुकड्यांतून काढले तर फट दिसणारच. पट्टी नेहमी ठेवायच्या तुकड्यावर असावी, पात्याने खाल्लेला भाग टाकायच्या तुकड्यातून जावा.

पात्याचीही जात असते. सनमायका लावलेल्या प्लायला ४८ दातांचं, सागवानाची जाड फळी उभी चिरायला कमी दातांचं. आणि सेंट्रिंगच्या प्लायला ही करवत कधीही लावू नये. त्यात सिमेंट असतं, मोडलेले खिळे असतात. एकाच स्लॅबच्या कामात पात्याचे दात जातात. तिथे जुना कटरच योग्य, तो त्याच लायकीचा आहे.

उन्हाळ्याच्या दुपारी गावात विजेचा दाब पडतो तेव्हा मोठ्या मोटरची खरी परीक्षा होते. १,३०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेपाच-पावणेसहा अँपिअर. दाब उतरला की मोटर गुरगुरते, पातं मंदावतं आणि लाकूड जळल्याचा वास येतो. बारीक वायरची लांबलचक एक्स्टेंशन दाब आणखी खाते. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा प्लग हे किमान. घरातल्या पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर ही करवत चालवायच्या भानगडीत पडू नये. बॅटरीवरच्या ट्रॅक सॉ आता निघाल्या आहेत. वीज असेल तेव्हा चार्ज करून ठेवायच्या, पण बॅटऱ्यांची किंमत ऐकून बरेच जण परत वायरकडे वळतात.

भुशाकडे आपल्याकडे कुणी आजार म्हणून पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली, त्याला आता तीस वर्षं झाली. प्लाय-एमडीएफच्या डिंकातलं फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात आहे. ट्रॅक सॉचं पातं झाकणात असल्यामुळे व्हॅक्यूमची नळी जोडली की बहुतेक भुसा तिथल्या तिथे ओढला जातो. कटरला तशी सोय नसते. सुतार तोंडाला रुमाल बांधतो. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते, त्यापेक्षा एन-९५ मास्क बरा.

राहता राहिली पट्टी जपायची गोष्ट. परभणीचा मे महिना चाळिशीच्या बराच वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात तापणाऱ्या भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेल्या पट्टीचे चिकटवलेले काठ सुटायला लागतात. ती सावलीत, वरच्या भोकातून खिळ्याला उभी टांगावी. कामावर नेताना दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून, मध्ये जुनी चादर घालून, बाहेरून दोन प्लायच्या पट्ट्या बांधाव्यात. पात्याची जाडी बदलली तर काठही बदलावा लागतो. तो सुटा मिळतो, म्हणून पट्टी घेतानाच एक जास्तीचा मागून ठेवावा. नाहीतर ऐन कामात रबराच्या त्या एका पट्टीसाठी नांदेडची गाडी पकडावी लागते.